सेकंदाला सोळा चित्रे : दादासाहेब फाळके आणि आपली नजर

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी किनाऱ्यावर जमलेल्यांच्या नजरा पश्चिमेला लागलेल्या असतात. एकाला चंद्रकोर दिसते, शेजारच्याला दिसत नाही. मग कोणीतरी बोट करून जागा दाखवतो आणि दुसऱ्यालाही ती दिसू लागते. आकाश तेच, कोर तीच. फरक फक्त नजरेचा. डोळ्यांवर आपण सगळे भरवसा ठेवतो, पण डोळ्यांना दिसते किती आणि निसटते किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा हिशेब समजायला अवघड नाही. अलिबागला ओहोटीच्या वेळी माणसे कुलाबा किल्ल्यात चालत जातात. भरती सुरू झाली की पाण्याची पातळी वर चढू लागते. मिनिटभर टक लावून पाहिले तरी ती चढताना दिसत नाही. काही वेळाने मात्र चालत आलेली वाट पाण्याखाली गेलेली असते. इथे गती इतकी मंद, की डोळ्याला ती कळत नाही. उलट घरातला पंखा पाहा. बटण दाबल्यावर सुरुवातीला पाती मोजता येतात आणि वेग वाढला की पातीच नाहीशी होऊन एक धूसर चकती उरते. इथे गती इतकी जलद, की तीही डोळ्याच्या हाती लागत नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात जे घडते, तेवढेच आपण हलताना पाहतो.

या दोन्ही टोकांवर काम करून एका माणसाने महाराष्ट्रात नवा व्यवसाय उभा केला, आणि त्या नादात स्वतःची दृष्टी जवळजवळ गमावली. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु हे काम किती बारीक होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे फारसे सांगितले जात नाही.

नजरेचेच धंदे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून त्यांनी कुटुंब मुंबईला आणले. मुलाने शास्त्री व्हावे असे वळण घरात होते, पण धुंडिराजचा हात चित्रकलेकडे वळला. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याला कलाभवनात गेला. कलाभवन त्या वेळी प्राचार्य गज्जर यांच्या हाताखाली नावारूपाला येत होते. तिथे त्याने रंगकामाबरोबर फोटोग्राफी, छपाईचे ठसे आणि साचेकाम शिकून घेतले.

त्यानंतरच्या वीस वर्षांत फाळक्यांनी इतके धंदे केले, की नातेवाइकांना ते चंचल वाटले असतील तर नवल नाही. गोध्र्याला त्यांनी फोटो काढण्याचा व्यवसाय मांडला. फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, अशी भीती त्या काळी लोकांना वाटे. तशात प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोघेही गेले. पुढे ते जादूचे प्रयोग शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते करू लागले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचे नाव सासरी सरस्वती ठेवण्यात आले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत तीही सोडून त्यांनी लोणावळ्यात छपाईचे ठसे करण्याचा कारखाना काढला. तिथे राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे काम येत असे. पुढे कारखाना दादरला हलला, नवे भागीदार मिळाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीलाही जाऊन आले.

हे सारे धंदे एकमेकांपासून दूरचे वाटतात, पण एक धागा सगळ्यांतून जातो. जादूगाराचा हात नजरेपेक्षा वेगवान नसतो. तो नजर भलतीकडे वळवतो. तिरंगी छपाईत कागदावर वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके असतात. ते इतके जवळ असतात, की डोळा त्यांचा मिळून एकच रंग करतो. भिंगाखाली धरले तर ठिपके सुटे दिसतात. डोळा कुठे कमी पडतो आणि त्या कमतरतेतून काय उभे करता येते, हे फाळके हाताने शिकत होते. भागीदारांशी मतभेद झाले आणि छापखानाही सुटला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. हातात नोकरी नव्हती आणि घरात लहान मुले होती.

दृष्टी गेली आणि परत आली

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, त्यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. आपल्याकडचे देव आणि राजे असे पडद्यावर चालतील का, या विचाराने त्यांना झपाटले. त्यांनी पत्नीलाही नेऊन तो चित्रपट दाखवला.

चित्रपट त्यांच्यासाठी आणि मुंबईसाठी अगदी नवा नव्हता. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला होता. त्याही आधी कल्याणचे महादेवराव पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रे दिव्यापुढे झरझर सरकवून शांबरिक खरोलिका नावाचे खेळ करत. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती कॅमेऱ्यात टिपली होती. अब्दुलअली इसूफअली यांच्यासारखे फिरते व्यावसायिक तंबू ठोकून देशोदेशी बायोस्कोप दाखवत होते. पण कथा रचून, नट उभे करून, संपूर्ण चित्रपट इथेच तयार करायचा, तर ते तंत्र शिकवायला कोणी नव्हते.

फाळक्यांनी ते स्वतःच शिकायचे ठरवले. एक छोटे यंत्र आणि काही रिळे मिळवली आणि ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले. चित्रगृहात पाहायचे, घरी येऊन भिंतीवर पाहायचे, तीच फीत पुन्हा पुन्हा चालवायची. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या, झोप उडाली. काही महिन्यांत डोळ्यांवर इतका ताण आला, की दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. चित्र काढणारा, फोटो काढणारा, ठसे कोरणारा माणूस. त्याच्याजवळ पोट भरण्याचे दुसरे साधन नव्हते. एका नेत्रवैद्याच्या उपचाराने दृष्टी हळूहळू परत आली. पुढे कितीतरी दिवस ते तीन-चार वेगवेगळे चष्मे पालटून कामे करत. दृष्टी आली, आणि ते पुन्हा त्याच पडद्यापुढे जाऊन बसले.

पडद्यावरचा अंधार

फाळके त्या पडद्यावर नेमके काय पाहत होते? आज मोबाइलवर चित्रपट पाहणाऱ्यालाही ही गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे.

चित्रपटात हलणारे काहीच नसते. फितीवर एकापुढे एक स्थिर चित्रे असतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे दाखवत. प्रत्येक चित्र दिव्यापुढे येऊन क्षणभर थांबते, मग पुढचे येते. चित्र सरकत असताना प्रकाश चालू ठेवला तर पडद्यावर नुसत्या रेघा ओढल्या जातील. म्हणून यंत्रात एक फिरती चकती असते. चित्र सरकताना ती दिव्याला झाकते आणि पडदा काळा होतो. चित्र स्थिरावले की प्रकाश पुन्हा मोकळा होतो. म्हणजे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक खेळाचा जवळजवळ निम्मा वेळ अंधाराकडे पाहत असतो, आणि त्याला ते कळत नाही.

कळत का नाही? कारण डोळ्याला प्रत्येक गोष्ट नोंदवायला वेळ लागतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत कामाला लागलेले इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांवरच्या आपल्या थोर ग्रंथात, किताब अल-मनाझिरमध्ये, भोवऱ्याचे उदाहरण दिले आहे. भोवऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढले आणि तो जोरात फिरवला, तर सुटे रंग न दिसता त्यांचा मिळून एकच रंग दिसतो. त्यांनी यावरून ताडले, की रंग ओळखायलाही काही काळ जावा लागतो. १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी चकतीवर एकापुढची एक चित्रे काढली आणि ती फिरवून फटींतून पाहिली. चित्रे हलू लागली. हे प्लाटो पुढे चाळिशीत पूर्ण आंधळे झाले आणि तरीही घरच्यांच्या मदतीने संशोधन करत राहिले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. हालचाल सलग दिसणे ही एक आणि लुकलुक न जाणवणे ही दुसरी. सेकंदाला दहा-बारा चित्रे गेली की सुटी चित्रे जोडली जाऊन हालचाल वाटू लागते. सोळांना ती बरीच सलग होते. पण सेकंदाला सोळाच वेळा उघडझाप झाली तर पडदा चांगलाच फडफडतो आणि डोळे दुखतात. लुकलुक मिटायला सेकंदाला पन्नासच्या आसपास उघडझाप लागते. प्रकाश जितका प्रखर, तितका हा आकडा वर जातो. मंद प्रकाशात तो खाली येतो. शिवाय समोर रोखलेल्या नजरेपेक्षा डोळ्याच्या कडेला लुकलुक लवकर जाणवते. जुनी होत आलेली ट्यूबलाइट समोरून ठीक वाटते आणि मान वळवली की कोपऱ्यातून फडफडताना दिसते, ती यामुळेच.

यावर तोडगा निघाला तो साधा आणि हुशार होता. फिरत्या चकतीला एकाऐवजी तीन पाती लावली. एकच चित्र पुढे सरकण्यापूर्वी तीनदा उजळायचे. चित्रे सोळाच, पण उघडझाप अठ्ठेचाळीस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती रूढ झाली. तोवर चित्रपट म्हणजे डोळ्यांना त्रास, अशीच ख्याती होती. इंग्रजीतही लुकलुकीवरूनच चित्रपटाला टोपणनाव पडले होते. घरच्या साध्या यंत्रावर तासन्‌तास डोळे लावणाऱ्या माणसाला किती सोसावे लागले असेल, याची यावरून कल्पना येते.

खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ पासून उभे आहे. रात्री समुद्रावरून त्याचा झोत दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. हा दिवा लुकलुकताना दिसलाच पाहिजे. त्याच्या लुकलुकीवरून नाखवा ओळखतो की आपण कुठे आहोत. चित्रपटाचा दिवाही तसाच उघडतो, मिटतो, पण त्याचे मिटणे कोणाला दिसता कामा नये. डोळा तोच, फरक फक्त वेगाचा.

मटारचा कोंब आणि काळोखातली छिद्रे

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळक्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सिनेनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. हेपवर्थनी या अनोळखी पाहुण्याला सगळी कामे मोकळेपणाने दाखवली. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेऊन, कच्च्या फितीची आणि छिद्रे पाडण्याच्या यंत्राची व्यवस्था करून, १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परतले.

यंत्रे आली, पण चित्रपटासाठी लागणारे भांडवल नव्हते. सावकाराला पटेल असे काही दाखवणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा घट्ट बसवला आणि महिनाभर न चुकता थोडे थोडे चित्रण केले. कोंब फुटण्यापासून वेल चढेपर्यंतची सारी वाढ त्यांनी मिनिटाभरात दाखवली. सोळाच्या हिशेबाने एका मिनिटाला ९६० चित्रे होतात. इतकी चित्रे जमेपर्यंत कॅमेरा जागचा हलता कामा नये आणि कुंडीही हलता कामा नये. महिनाभराच्या या धीराचे फळ असे, की जी गती कोणाला कधी दिसली नव्हती ती भिंतीवर दिसली. भरतीचे पाणी चढताना दिसावे, तसा वेल चढताना दिसला. पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली आणि कर्ज मिळाले. उरलेली तजवीज सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी केली.

सरस्वतीबाईंचे योगदान दागिन्यांवर संपत नाही. त्या काळी येणाऱ्या कच्च्या फितीला कडेची छिद्रे नसत. ती इथे यंत्राने पाडावी लागत. कच्ची फीत उजेडात आली की वाया जाते, म्हणून हे काम काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने करायचे. ते सरस्वतीबाईंनी केले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि रात्री काळोख्या खोलीत छिद्रे पाडणे आणि फीत धुणे.

या छिद्रांचे महत्त्व नजरेशीच जोडलेले आहे. एका चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार, अशी आठ छिद्रे लागतात. यंत्राचे दात त्यांत अडकून फीत पुढे ओढतात. छिद्रांतले अंतर केसभर चुकले तरी चित्र पडद्यावर थरथरते. अंधाराला फसणारा आपला डोळा थरथर मात्र लगेच पकडतो. एक फूट फितीत सोळा चित्रे मावतात, म्हणजे फुटाला १२८ छिद्रे झाली. राजा हरिश्चंद्र ३,७०० फुटांचा होता. गुणाकार केला तर एका प्रतीची छिद्रे पावणेपाच लाखांच्या जवळ जातात. मराठी संसारातल्या एका बाईने ही छिद्रे काळोखात पाडली, तेव्हा कुठे पडद्यावरचा राजा न थरथरता उभा राहिला.

सत्तावन्न हजार फोटो

दादरच्या मथुरा भवनात चित्रीकरण चालले. राजा हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. कॅमेरा नाशिकचे मित्र त्र्यंबक तेलंग यांच्या हाती दिला. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नाके मुरडत, म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगण्याची माणसांना सूचना होती.

कॅमेऱ्याला मोटर नव्हती. कडी हाताने फिरवायची. एका फेऱ्यात साधारण आठ चित्रे टिपली जात, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. हात थकला आणि फेरे मंदावले, तर सेकंदाला कमी चित्रे टिपली जात आणि पडद्यावर माणूस धावत सुटल्यासारखा दिसे. हात घाईला आला, तर तोच माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसे. चित्रपटातला काळ मनगटावर मोजला जात होता.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना खेळ दाखवला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. पुढे सुरतेला चित्रपट नेला तेव्हा गर्दी होईना. नाटक पाच-सहा तास चालते, मग तासाभराच्या खेळाला तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी जाहिरातीचा रोख बदलला. त्यांनी जाहीर केले, की इथे तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल. गर्दी झाली.

ही जाहिरात तपासून पाहण्याजोगी आहे. दोन मैल ही शुद्ध अतिशयोक्ती होती; ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. फोटोंचा आकडा मात्र जवळजवळ खरा. ३,७०० ला सोळाने गुणले की ५९,२०० येतात. सेकंदाला सोळा चित्रांच्या वेगाने हा खेळ तासाभराचा होतो. चोवीसच्या वेगाने चालवला तर चाळीस मिनिटांत आटोपतो. जुने मूकपट टुणटुण उड्या मारत चाललेले दिसतात, यात त्या नटांचा काही दोष नाही. सोळाच्या चालीने टिपलेली फीत नंतरच्या यंत्रांनी दीडपट वेगाने पळवली, एवढेच.

फाळक्यांनी पाऊणशे आणि एक न मोजता हजारोंच्या आकड्यात फोटो विकले खरे, पण प्रेक्षकाने पाहिला तो एकच राजा. सुटे फोटो जोडण्याचे काम नेमके कोण करतो, यावर त्याच सुमारास युरोपात विचार चालू होता. फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले त्याच १९१२ साली, फ्रँकफर्टमध्ये प्रयोग करणारे माक्स व्हेर्टहायमर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन रेघा दोन ठिकाणी एकापाठोपाठ दाखवल्या. मधला वेळ सेकंदाचा पाचवा भाग असेल तर दोन रेघा वेगळ्या दिसत. फारच कमी असेल तर दोन्ही एकदम दिसत. आणि सेकंदाचा सुमारे सोळावा भाग असेल तर एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. दृश्य डोळ्यात क्षणभर रेंगाळते म्हणून चित्रपट दिसतो, ही जुनी समजूत त्यामुळे अपुरी ठरली. दोन चित्रांमधली हालचाल मेंदू स्वतः रचतो. व्हेर्टहायमरना जो सोळावा भाग प्रयोगशाळेत सापडला, तो फाळके दादरला कडी फिरवून रोज साधत होते.

मूकपट मुका राहिला नाही

ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. १९१७ च्या लंकादहनमध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. त्याच्या तिकिटांचा गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, असे सांगतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मोठ्या चित्रपटांच्या मधून ते छोट्या गमतीही करत. आगकाड्यांची मौज या चित्रफितीत काड्या आपोआप सरकून आकृत्या करतात. काडी थोडी सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. मटाराच्या वेलाचीच ही युक्ती. चित्रपट कसा तयार होतो हे सांगणारी एक फीतही त्यांनी केली. प्रोफेसर केल्फाने स्वतःची जादू लोकांना उघड करून दाखवली.

भागीदारांशी पुन्हा बिनसले. कंपनी सोडून फाळके काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिले, परत आले. तोवर काळ बदलला होता. चित्रपटाला आवाज आला आणि त्याबरोबर कडी फिरवणाऱ्या हाताचा अधिकार गेला. चित्र थोडे जलद-हळू झाले तर डोळा सांभाळून घेतो. कान घेत नाही. वेग किंचित ढळला तरी गाणे बेसूर होते. म्हणून सेकंदाला चोवीस हा वेग पक्का झाला आणि मोटरने मनगटाची जागा घेतली. फाळक्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला आणि त्यात मागाहून आवाज भरावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. तोच त्यांचा शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ मध्ये.

त्यांच्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. राजा हरिश्चंद्रची जी दोन रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, तीही १९१७ मध्ये नव्याने केलेल्या प्रतीची असावीत असे काही अभ्यासक मानतात.

फाळक्यांच्या चकतीचे तत्त्व मात्र आपल्या घराघरांत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. जुनी ट्यूबलाइट तिच्यावर सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. हे कोणाला दिसत नाही, पण तिच्याखाली फिरणारा पंखा कधी थांबल्यासारखा, कधी उलटा फिरल्यासारखा वाटतो, तेव्हा ते उघडकीला येते. काही एलईडी दिवे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याने न पाहिलेला अंधार तो. माशीला सेकंदाला दोनशेहून अधिक उघडझापा सुट्या दिसतात. तिला चित्रपट दाखवला तर तिला नुसती थांबलेली चित्रे आणि मधला काळोख दिसेल. तिची नजर आपल्यापेक्षा तेज, पण राजा हरिश्चंद्र तिच्या नशिबी नाही.

आपण स्वतःही मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि दरवेळी जग क्षणभर नाहीसे होते. त्याची आपण दखल घेत नाही, म्हणून रस्त्यावरून नीट चालता येते. डोळ्याच्या या मंदपणाला दोष मानता येईल. फाळक्यांनी तो भांडवल मानला. भांडवलाची किंमत मात्र खरी होती. काही महिन्यांचे आंधळेपण, घरातले दागिने, आणि काळोख्या खोलीत छिद्रे पाडत बसलेल्या सरस्वतीबाईंच्या रात्री, एवढे सगळे त्या सेकंदाच्या सोळा भागांमधल्या अंधारात गेले. पुढच्या वेळी पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागली आणि लोक उठून दाराकडे निघाले, की मनातल्या मनात एक नाव त्यात वाढवावे: सरस्वतीबाई फाळके.